अवसेला उपवास धरणारा जिताडा

२०४३ सालच्या एका गुरुवारी, भर दुपारी, खारनिवे गावच्या हिराजी मोकलांनी आपल्या तलावातले एकशे अठरा जिताडे बांधाच्या कडेला खड्डा खणून पुरले. वर चुना टाकला, चुन्यावर माती, आणि मातीवर एक नारळ ठेवला.

असं काहीही घडलेलं नाही. सरकारदरबारी त्या तलावातले मासे आजच्या तारखेलाही 'सुखी' या प्रवर्गात मोडतात, आणि सुखी मासे पुरण्याची तरतूद कुठल्याच नियमात नाही. सबब ते पुरले गेले नाहीत. खड्डा होता, हे तलाठ्याने मान्य केलं आहे. कशाचा होता, ते लिहिलेलं नाही. नारळाबद्दल पंचनाम्यात 'झाडावरून पडलेला' असा उल्लेख आहे. त्या बांधावर एकही माड नाही.

तर ही न घडलेली गोष्ट सांगायची म्हणजे हिराजींच्या मुलीपासून सुरुवात करावी लागते.

भाविका मोकल जिल्ह्याच्या जलचर आरोग्य प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. माशाच्या यकृताचे काप काढणं हे तिचं काम. यकृताचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवायचा, चढत्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमध्ये बुडवून तो पारदर्शक करायचा, मेणात बसवायचा आणि मायक्रोटोमवर केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप पाडायचे. मग तो काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळा रंगवायचा. बघायला आलेल्या स्थळांना तिची आई मथुराबाई 'पोर सरकारी नोकरीत हाय' एवढंच सांगायची. एकांनी खोलात जाऊन विचारलं, भाविकाने खोलात जाऊन सांगितलं, आणि ती मंडळी कांदेपोहे अर्धे टाकून गेली.

ह्या काचा पुढे 'चरित्रकार' नावाच्या यंत्राकडे जात.

माशाचं यकृत ही चीज समजून घेण्यासारखी आहे. डुकराच्या यकृतात पेशींची कशी शिस्तशीर नगररचना असते: षटकोनी वस्त्या, मधोमध एक शीर, कोपऱ्याकोपऱ्यावर नळांची जोडणी. माशाच्या यकृतात नगरपालिका पोचलेलीच नाही. दोन-दोन पेशींच्या वेड्यावाकड्या रांगा, त्यांच्यामधून रक्ताच्या बोळकंडी, आणि बऱ्याच माशांत मध्येच स्वादुपिंडाचा एखादा तुकडा, जुना भाडेकरू असावा तसा मुक्कामाला. या सगळ्यात अधूनमधून तपकिरी-काळे पुंजके दिसतात. मोडक्या पेशी, जुनं रक्त, आजारपणाचा कचरा गिळून बसलेल्या पेशींचे ते पुंजके. प्रयोगशाळेत त्यांना सगळे उकिरडे म्हणत.

आठ-दहा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लक्षात आलं की या उकिरड्यांत कचरा थराथराने साचतो. मासा उपाशी राहिला की एक काळसर थर, पोटभर जेवला की पिवळट थर. झाडाच्या खोडात वर्षं मोजावीत तसे माशाच्या यकृतात दिवस मोजता येऊ लागले. 'चरित्रकार' ते थर मोजायचा, पेशींची अवस्था बघायचा आणि अडीच मिनिटांत त्या माशाचं जीवनचरित्र छापून द्यायचा. सांस्कृतिक खात्याच्या सूचनेवरून तारखेसोबत तिथीही.

मग कायदा आला. प्रत्येक तलावातल्या एका माशाचं चरित्र असल्याशिवाय त्या तलावाचा एकही मासा विकायचा नाही. हॉटेलवाल्यांनी चरित्रं चौकटीत घालून टेबलांवर ठेवली. 'सदर रोहूचे बालपण खेळीमेळीच्या वातावरणात गेले' हे वाचून काही गिऱ्हाइकं पनीर मागवू लागली, पण एकंदरीत पाहता लोकांना सवय झाली. लोकांना कशाचीही होते.

हिराजी मोकलांच्या जिताड्याचं चरित्र आलं ते मात्र कोणाला पचण्यासारखं नव्हतं. त्यात लिहिलं होतं:

'सदर जिताडा सुखवस्तू असून त्याचे यकृत मेदाने भरलेले आहे. स्वभाव धार्मिक. दर अमावास्येस व पौर्णिमेस, आणि त्यानंतर तीन दिवस, तो नियमाने उपवास करीत असे. प्रवर्ग: सुखी.'

खाली सही: भा. हि. मोकल, तंत्रज्ञ.

हिराजींनी त्या कागदाला प्लास्टिक चढवून आणलं आणि ओटीवर टांगलं. मुलीची सही असलेला सरकारी कागद, आणि त्यावर आपला मासा देवभक्त. दोन्ही सुखं एकाच खिळ्यावर. शेजारच्या पाड्यातून बायका तलाव बघायला येऊ लागल्या. एकीने पाण्यात हळदकुंकू टाकलं. पुढच्या रविवारी पुतण्याची, रोशनची, हळद होती. चारशे पान जेवणार होतं, आणि सबंध भावकीने एकमताने ठरवलं की मासा हिराजीच्याच तलावातला. उपवास करणाऱ्या माशाचं कालवण म्हणजे जवळजवळ प्रसादच.

शनिवारी भाविका घरी आली तेव्हा ओटीवर सात माणसं तिची सही बघत बसली होती.

"आय," आत जाऊन तिने मथुराबाईला विचारलं, "मासे खरंच जेवत नाहीत अवसेला?"

"नाय जेवत. मी सोता बारकी मासली टाकते, ती तशीच तरंगते. तीन-चार दिस तोंड नाय लावत. देवाची मासली हाय बाय."

"पण उपास करणारा मासा लठ्ठ कसा होईल? यकृतात मेद आहे. उपाशी राहिलं की आधी तोच जळतो."

मथुराबाईने पदराने हात पुसले. "मी एकादशी-चतुर्थी सगल्या करते. साबुदान्यावर. मी बारीक जालेय?"

युक्तिवाद बिनतोड होता. पण माशाला साबुदाणा कोणी देत नव्हतं, आणि ही शंका भाविकाच्या डोक्यात खड्यासारखी रुतून बसली.

संध्याकाळी ती बांधावर गेली. हिराजींच्या तलावाचं पाणी खाडीचं. बांधाला एक उघाडी होती, म्हणजे लाकडी फळीचं दार. उधाणाला, अवसे-पुनवेच्या मोठ्या भरतीला, फळी उचलायची. खाडी आत येते, पाणी बदलतं, येताना कोळंबी आणते. हिराजींच्या आज्यापासून हेच चाललं होतं. नवं एवढंच की चार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी एक रंगाचा कारखाना आला होता, आणि आपलं सांडपाणी तो कधी सोडतो ते कोणी पाहिलेलं नव्हतं. भाविका तिथे उभी राहून विचार करू लागली की आपण कारखानदार असतो तर केव्हा सोडलं असतं. उत्तर यायला वेळ लागला नाही. ज्या दिवशी समुद्र सगळ्यात जास्त पाणी घेऊन येतो आणि सगळ्यात जास्त घेऊन जातो, त्या दिवशी.

ती घराकडे वळली आणि चार पावलांवर थांबली. तिला झायलीन आठवलं.

मेणातल्या कापात मेद दिसत नाही. दिसतात ती भोकं. पेशीत जिथे चरबीचा थेंब होता तिथे पांढरी गोल पोकळी, आणि कोपऱ्यात ढकललेलं बिचारं केंद्रक. थेंब झायलीनने धुऊन नेलेला असतो. 'चरित्रकार' शिकला तो दोन लाख काचांवर, आणि त्या साऱ्या पिंजऱ्यात ठासून खायला घातलेल्या माशांच्या होत्या. त्याने धडा घेतला: भोकं म्हणजे मेद, मेद म्हणजे सुबत्ता, सुबत्ता म्हणजे सुख. पण यकृताला विष लागलं तरी भोकंच दिसतात. गोदामात माल येतच राहतो, बाहेर न्यायची गाडी बंद पडते, आणि पेशी मेदाने फुगते. आणि जे विष तेलात विरघळतं ते त्याच थेंबात जाऊन बसतं. म्हणजे पुरावा होता. तो तिने, हातमोजे घालून, नियमानुसार, दोनदा झायलीन बदलून, मोरीत ओतला होता.

सोमवारी ती प्रयोगशाळेचे प्रमुख कुलथे सर यांच्यापुढे उभी राहिली.

"सर, एक यकृत गोठवून कापायचंय. मेण नाही, झायलीन नाही. क्रायोस्टॅट लागेल."

क्रायोस्टॅट म्हणजे उणे वीस अंशांत काप काढणारं यंत्र. कुलथे सरांचा चेहरा पडला. "त्यात माझा आमरस आहे."

"माहितीये सर. डब्यांवर नमुना क्रमांक आहेत."

"नाहीतर शिपाई खातो." सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला चौदा महिने राहिलेल्या माणसाला वाईट व्हायला तितका उत्साहही लागतो. "मोकल, बत्तीसशे चरित्रं दिलीत आपण. सगळी मेणावरची. तुमचं म्हणणं खरं निघालं तर त्या माशांना काय तोंड दाखवायचं?"

"ते खाल्ले गेले सर."

"तेच म्हणतो. ज्यांनी खाल्ले त्यांना." मग चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, "रस मी घरी नेतो. तुम्ही काय कापलंत ते मला सांगू नका. सापडलं तर सांगा."

भाविकाने घरी फोन केला: एक जिताडा पाठवा, तपासायला. मंगळवारी सकाळी एसटीने डबा आला. आत जिताडा होता. खवले काढलेला, पोट साफ केलेला, तुकड्या पाडलेला, हळद-मीठ चोळलेला. वर कोथिंबीर.

"आबा, पोटातलं कुठंय?"

"टाकलं," हिराजी फोनवर म्हणाले. "मांजरीला."

"मला तेच पाहिजे होतं. आख्खा पाठवा."

दुपारच्या गाडीने दुसरा डबा आला. हा आख्खा होता. म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत शाबूत, फक्त पोट चिरून धुऊन काढलेलं, आणि चोळायला हळद जरा जास्तच. कारण असं की जिताडा हा त्या भागात नुसता मासा नाही. मोजणी असो, दाखला असो, बदली असो, साहेबाच्या घरी जिताडा जातो. पिढ्यान्‌पिढ्या. आणि साहेबाच्या बायकोला घाण काढायला लागू नये, एवढी रीत खारनिव्यात पाळण्यातल्या पोरालाही कळते. हिराजींना 'सरकारी कचेरीत मासा पाठव' एवढंच ऐकू आलं होतं. पुढचं हातांनी आपसूक केलं.

बुधवारी पहाटेच्या गाडीने भाविका स्वतःच आली, बर्फाची पेटी घेऊन.

"घाणेरडा मासा सायबाच्या घरान कसा द्यायचा?" मथुराबाई अजून त्याच मुद्द्यावर होती.

"मी साहेब नाही आय."

"सही तर तुझीच हाय."

भाविका पेटी उचलून बांधाकडे चालू लागली. तिने बांधावरच बसून, हिराजींनी जाळं टाकून काढलेला जिताडा चिरला, यकृत काढलं, पेटीत घातलं आणि आल्या पावली निघाली. यकृत पिवळट होतं, बोट लावलं तर लोण्यासारखं दबणारं. हिराजी बघत होते. "असं असतं काय ते," ते म्हणाले. साठ वर्षं मासे धरून त्यांनी ते कधी नीट पाहिलं नव्हतं. मांजरीने पाहिलं होतं.

दुपारी काप निघाले. आमरसाचा वास येत होता. यावेळी पेशींत भोकं नव्हती. थेंब होते, जागच्या जागी, चरबीच्या रंगाने लालभडक झालेले. तिने काच 'चरित्रकारा'त घातली. त्याच्या दिव्याखाली थेंबाथेंबात आतून एक हिरवट झाक पेटली. जिताडा असलं काही स्वतः बनवत नाही. रंगाचा कारखाना बनवतो.

यंत्राने गोठवलेला काप जन्मात पाहिला नव्हता. नेहमीची अडीच मिनिटं गेली, मग पाच, मग अकरा. मग कागद बाहेर आला. त्यावर बालपण नव्हतं, स्वभाव नव्हता, प्रवर्गाची जागा कोरी होती. दोनच ओळी होत्या.

'या माशाने एकवीस उधाणे पाहिली. प्रत्येक वेळी त्याला जेवण गेले नाही.'

भाविकाने तो कागद दोनदा वाचला. यंत्राने आधीही हेच पाहिलं होतं. थर तेच होते, दिवस तेच. फक्त तेव्हा त्याला मासा लठ्ठ दिसला, आणि लठ्ठ माणूस जेवत नसेल तर आपल्याकडे त्याला जे म्हणतात ते त्याने छापलं. आणि त्या जुन्या कागदाखाली तिने सही केली होती.

कुलथे सरांनी कागद बघितला आणि हळूच खाली ठेवला. "सापडलं म्हणायचं," ते म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी वर कळवलं. वरून संध्याकाळच्या आत उत्तर आलं, ही त्या खात्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ. गोठवलेल्या कापांस कायद्याने मान्यता नाही. जुनं चरित्र वैध आहे. चौकशी समिती नेमण्यात येत आहे. मुदत आठ महिने. तोवर सदर तलावातील मासे विक्रीस व भोजनास योग्य समजावेत.

गुरुवारी सकाळी रोशनचा बाप जाळी आणि बर्फाचा टेम्पो घेऊन हिराजींच्या दारात आला. हळद तीन दिवसांवर होती. भाविका रजा टाकून आलेली. ती ओटीवर वडिलांसमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. भोकं, थेंब, झायलीन, एकवीस उधाणं. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

हिराजींनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "मग ह्यो?"

"तो पण मीच सही केलेला."

"ह्यो खोटा?"

"तो चुकीचा. मी खोटं नाही लिहिलं आबा. मी धुतलं, आणि धुतलेलं बघून लिहिलं."

टेम्पोपाशी उभा असलेला रोशनचा बाप म्हणाला, "हिराजी, सरकार बोलतंय खावा. पोरगी बोलते नको. आता तूच सांग. चारशे मानसाला वरन-भात घालू?"

 बाहेर टेम्पोतला बर्फ वितळून रस्त्यावर ठिपकत होता. हिराजींनी मुलीला विचारलं, "मी कोनाचं आयकू? कागदावरच्या भाविकाचं का समोरच्या?"

"समोरच्या."

"कागदावरची शिकलेली हाय."

"समोरची पण तीच आहे. जरा उशिरा शिकली."

"आपुन किती खाल्ले गं या चार वर्सांत?" स्वयंपाकघराच्या दारातून मथुराबाईने विचारलं.  तिने मग पदर खोचला, आत गेली आणि फावडं घेऊन आली.

त्यानंतरचं, आधी म्हटल्याप्रमाणे, घडलेलं नाही. जाळं तीन वेळा टाकावं लागलं. एकशे अठरा निघाले. रोशनच्या बापाने बर्फ परत न नेता खड्ड्यात ओतला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं, रिकाम्या हाताने उभं राहवलं नाही एवढंच. एक मोठा, हातभर लांबीचा जिताडा हिराजींनी शेवटपर्यंत बाजूला ठेवला होता. त्याला बघायलाच बायका यायच्या. त्यांनी त्याचं डोकं ओल्या फडक्याने पुसलं.

"माज्या बिचाऱ्याचा उपास," ते म्हणाले, "आजारपन होतं ते. आनि मी पाहुने आनून दाखवीत व्हतो."

भाविकाने त्यांच्या हातातून मासा घेतला. तो तिने सगळ्यांत वर, हलक्या हाताने ठेवला.

रविवारच्या हळदीला चारशे माणसांनी वरण-भात आणि वाटाण्याची उसळ खाल्ली. आगरी हळदीच्या ज्ञात इतिहासात असं पूर्वी झालेलं नाही. मुलीकडच्या एका मामाने मोकल घराण्याला वारकऱ्यांची दीक्षा मिळाल्याचं गावभर सांगितलं. रोशन पाहुण्यांकडे बघायच्या ऐवजी पानाकडे बघत राहिला. पण जेवून कोणाचं काही दुखलं नाही, आणि हिराजी शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होते, कोणी काही बोललं की मान हलवत.

दुसऱ्या दिवशी ते पाटावर बसले आणि भाविकाला म्हणाले, "अर्ज लिही."

"कशाबद्दल आबा?"

हिराजींनी सांगितलं. भाविकाने पेन खाली ठेवलं. "असं लिहिता येत नाही."

"कनाला? मासा उपास करतो असं लिवता आलं ना?"

तिने पेन उचललं. हिराजी अडखळत सांगत गेले, ती कचेरीच्या मराठीत उतरवत गेली. अर्जाची पोच मिळाली आहे. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, चौकशी समिती (मत्स्य चरित्रे)

विषय: उधाण पुढे ढकलण्याबाबत.

महोदय,

आपली चौकशी आठ महिने चालणार असल्याचे कळले. त्याबद्दल तक्रार नाही. चौकशी म्हटली की वेळ लागतो. परंतु येती अमावास्या अकरा दिवसांवर आहे, व आठ महिन्यांत अशी सोळा-सतरा उधाणे येतील. माझ्या तलावात आता मासे नाहीत. मात्र माझ्या बांधापुढे आणखी एकतीस तलाव आहेत, त्यांत मासे आहेत, व ते सर्व आपल्या नोंदीप्रमाणे सुखी आहेत. आम्ही सर्वांनी उघाडीच्या फळ्या खाली टाकल्या आहेत. फळ्या जुन्या आहेत, त्या गळतात. कारखान्याचे पाणी आपणास थांबवता येत नाही, कारण त्यास चौकशी पूर्ण व्हावी लागते, हे आम्हास समजावून सांगण्यात आले आहे.

तरी समितीचा अहवाल येईपर्यंत सर्व लहानमोठ्या भरत्या स्थगित ठेवण्यात याव्यात, तसे लेखी आदेश समुद्रास व आवश्यक वाटल्यास चंद्रास देण्यात यावेत, आणि आदेशाची एक प्रत खारनिवे ग्रामपंचायतीच्या फलकावर अमावास्येच्या आदल्या दिवशी, पाणी चढण्यापूर्वी, लावण्यात यावी, ही नम्र विनंती.